तीन हजार एक्केचाळीस काप

६ जानेवारी

प्रिय ठकू,

काप तरंगवायचं ऊबदार पाण्याचं भांडं, एक. बुडाशी जुन्या इस्त्रीची तार, पाणी पंचेचाळीस अंशांवर राहतं, अर्धा अंश इकडे नाही की तिकडे नाही. मेण ओतायचे पितळी साचे, बावीस जोड्या, कानशीने घासून काटकोनात आणलेले. काचा वाळवायची घोडी, सायकलच्या आऱ्यांची, एकशेवीस काचा मावतात. सुरी परजायचा चामडी पट्टा. सहा हजार काचांचं लाकडी कपाट, ज्याचा एकही खण अडकत नाही. तुझ्या वहिनीच्या पापणीचा एक केस काडीला चिकटवून केलेला कुंचला (केस उशीवर सापडला, तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस). आणि दारावरची पाटी, 'ऊतक तंत्रज्ञ'. अक्षरं माझी, रंगही मीच घोटलेला. हे सगळं माझ्या हातचं.

तू विचारलंस, 'दादा, एकतीस वर्षं दवाखान्यात आहेस, पण तिथे करतोस काय ते मला अजून कळलेलं नाही.' फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच बोलतेस. म्हणून हे पत्र. आता बोल मध्ये.

डॉक्टर शरीरातला तुकडा काढतात आणि बाटलीत घालून माझ्याकडे पाठवतात. मी त्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरतो आणि तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतो. त्याला ब्लॉक म्हणायचं. ब्लॉक कापयंत्राला लावायचा, चाक फिरवायचं. एका फेऱ्याला एक काप, चार मायक्रॉनचा. म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे. तो काप पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा, रंगवायचा, मग आमच्या मोठ्या मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोग सांगतात. नाव त्यांचं होतं, होऊ दे. पण काप सुरकुतला तर त्यांना काय डोंबल दिसणार? बाटल्या धुवायला लागलेला माणूस आहे मी, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. पण कागद घेऊन आलेल्यांचे काप सुरकुततात आणि माझे सुरकुतत नाहीत, एवढं इथली झाडूवालीसुद्धा सांगेल.

आता एक गोष्ट, जी मी कुणाला नीट सांगितलेली नाही.

क्षयाचे जंतू शोधायचा एक रंग असतो. निळ्या जमिनीवर जंतू लाल काड्यांसारखे दिसतात. पण रंगच बिघडलेला असला तर? म्हणून रोज पेशंटच्या काचेबरोबर अशी एक काच रंगवायची, जिच्यात जंतू आहेत हे आधीच पक्कं माहीत आहे. तिच्यात लाल दिसलं तर रंग खरा. बाकीचे तिला कंट्रोल म्हणतात, मी साक्षीदार म्हणतो. गेली सहा वर्षं आमचा साक्षीदार एकाच ब्लॉकमधून येतो. कुणा बाईच्या मानेतली, डाव्या बाजूची गाठ, एकोणीस वर्षांपूर्वी काढलेली. बाई औषधांनी ठणठणीत बरी झाली.

गाठीचा तुकडा तीन मिलिमीटर जाड होता. म्हणजे साडेसातशे फेऱ्यांत संपला पाहिजे. वाया गेलेले धरून प्रत्येक फेरा मी वहीत मांडतो. काल तीन हजारावा फेरा झाला. तुकडा अजून तीन मिलिमीटर आहे.

यंत्र तपासलं. चारच कापतं. पट्टी तपासली. वही पहिल्या पानापासून पुन्हा मोजली. कापण्याआधी ब्लॉक बर्फावर ठेवायचा असतो, मेण घट्ट व्हावं म्हणून. बाकीचे दहा मिनिटांत दगड होतात. हा तासभर ठेवला तरी बोटाला कोमट लागतो. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, 'संपत नाही, ही तक्रार आहे का तुमची?' आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा
दादा


१९ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा पापणीवर हसत. तिसऱ्यांदा का, ते पुढे सांगते.

यांना वाचून दाखवलं. बसची पाळी संपवून आले होते, बूट काढता काढता म्हणाले, 'न संपणारं मेण आहे तर मेणबत्त्या करून विका म्हणावं, नोकरी कशाला करता?' तू मनावर घेऊ नकोस. पण पाटीचं ऐकून म्हणाले, अक्षर मात्र तुमच्या दादाचं छापील असतं.

आता माझं. थंडी आहे म्हणून स्वतःसाठी जाकीट शिवायला घेतलं. लोकांचे गणवेश शिवता शिवता माझं राहूनच जातं. माझा कागदी खाका पंधरा वर्षांपूर्वीचा, तोच वापरते. पोट वाढलं तेवढं बाजूने सोडायचं. जाकीट घातलं तर डावी कॉलर कानाला लागली. उसवून पुन्हा बसवली, पुन्हा कानाला. म्हटलं हात बिघडला की काय आपला. शेवटी आरशासमोर उभी राहून मोजलं. कानाच्या पाळीपासून खांद्याच्या हाडापर्यंत, खाक्यावर दोन्हीकडे एकोणीस सेंटिमीटर लिहिलंय. उजवीकडे एकोणीसच भरलं. डावीकडे सतरा आणि नऊ रेघा. अकरा रेघा कमी. पाच वेळा मोजलं, तू असतास तर जसं मोजलं असतंस तसं.

डॉक्टरकडे गेले. म्हणाले हाड ठीक आहे, मणके ठीक आहेत, मशीनवर वाकून बसता, वय झालं. त्रेचाळीस म्हणजे वय?

दुखत नाही. पण दादा, माझा व्रण नाही. तोच, गाठ काढल्याचा, दोन बोटं लांब. पुसट झालेला नाही, नाहीच. बोट फिरवून बघितलं तर वरची कातडी खालच्या कातडीला थेट येऊन मिळाली आहे. गणवेशात चुणी आत घेतली की मधला डाग दिसेनासा होतो ना, तसं. व्रण भरला नाही. व्रण होता ती जागाच आता नाही.

म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. एकोणीस वर्षं, डावी बाजू, मान, क्षयाची गाठ, आणि बाई औषधांनी ठणठणीत. ती बाई कोण, दादा?

तुझी
ठकू


२ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

तूच.

लिहून टाकलं. आता कारण ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

तुझी गाठ आमच्याकडे आली तेव्हा मी बाटल्या धुणाराच होतो. जुने तंत्रज्ञ रजेवर होते. बाटलीवर तुझं नाव बघितलं आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिली नाही. बारा वर्षं चोरून बघत शिकलो होतो, ते सगळं त्या एका तुकड्यात घातलं. तो माझ्या हातचा पहिला ब्लॉक. मॅडमनी काच बघून विचारलं होतं, 'हा कुणी कापलाय?' त्या एका वाक्यावर माझी नोकरी बदलली.

सहा वर्षांपूर्वी आधीचा साक्षीदार संपला. कपाटातले अकरा ब्लॉक काढून रंगवून पाहिले. दहा बरे होते. तुझा असा रंगला की बघत राहावं. ब्लॉक दवाखान्यात पडूनच असतात, असे वापरतात, सगळीकडे. मला वाटलं त्यात विचारायचं काय? तुझ्या अंगातून ती गाठ केव्हाच गेली होती. माझ्या दृष्टीने ते माझं काम होतं, तुझं अंग नव्हतं.

आता हिशेब, कारण तो टाळता येत नाही. तीन हजार फेऱ्यांतले पहिले साडेसातशे तुकड्यातून गेले. उरले दोन हजार दोनशे पन्नास. गुणिले चार मायक्रॉन: नऊ मिलिमीटर. तू मोजलंस त्या दिवशी वहीत आणखी सव्वीस फेरे होते, ते रेघेचा दहावा भाग, तुझ्या पट्टीवर दिसणार नाहीत. म्हणजे नऊ. तू म्हणतेस अकरा. वरच्या दोन रेघा टेप ताणल्यामुळे आल्या असतील. कापडी टेप वर्षभरात ताणते.

नवाचं काय, ते मला माहीत नाही. मी अशा गोष्टी मानणारा माणूस नाही आणि तूही नाहीस. वाकून बसल्याने मान आखडते हेही खरंच आहे. पण आज तीन हजार एक्केचाळीसवर मी थांबलो. ब्लॉक डबीत घातला, डबी माझ्या खणात, खणाला कुलूप. नवीन साक्षीदार मिळेपर्यंत दुसऱ्या दवाखान्यातून काचा मागवतो असं मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, 'तुमच्या लाडक्या ब्लॉकशी भांडण झालं का?'

आता काही होणार नाही. घाबरू नकोस.

तुझा
दादा


२० फेब्रुवारी

दादा,

माझी टेप ताणत नाही, कारण मी टेपने मोजलंच नाही. स्टीलची पट्टी आहे, तूच दिलेली, माझ्या पहिल्या मशीनबरोबर. दुसऱ्याच्या मोजण्यात खोट काढायची तुझी सवय जायची नाही.

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. गिऱ्हाईक उरलेलं कापड टाकून जातं ना, त्या चिंधीलासुद्धा मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. एकदा एका बाईच्या उरलेल्या वीतभर कापडाची मी पिशवी शिवली आणि तिने ती माझ्या दुकानात बघितली. नुसती बघत राहिली. तेव्हापासून विचारते. तू मोठा, शिकवणारा तू, आणि तुला हे सुचलं नाही? लग्नाआधी मला क्षय होता हे यांच्या घरी आपण कुणी सांगितलं नाही. आईनेच तसं ठरवलं होतं. तेव्हा तुला माझं अंग माझं वाटलं होतं. मग काचेवर घालून रोज लोकांना दाखवताना कुणाचं वाटलं?

यांना परवा मीच सांगितलं, एकोणीस वर्षांनी. हे म्हणाले, 'मला व्रण दिसत नव्हता का? बाई, मी बस चालवतो, आंधळा नाही.' एवढंच. मी चहा करायला उठले आणि गॅसपाशी रडले.

हे एक झालं. आता दुसरं ऐक, आणि नीट वाच.

नऊ फेब्रुवारीला, सोमवारी, सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान, मी कॉलरला टाके घालत होते. डोकं आपोआप डावीकडे गेलं. झटका नाही, दुखणं नाही. कुणीतरी सावकाश, न थांबता शिवण आत घेत असावं तसं. इतक्या बारीक बारीक पावलांनी की प्रत्येक पाऊल वेगळं कळत होतं आणि एकही मोजता येत नव्हतं. दीड तास. मग थांबलं. मी उठून मोजलं.

बारा रेघा.

तू थांबलास म्हणतोस. दोन तारखेला थांबलास म्हणतोस. मला खोटं सांगू नकोस, दादा. सोमवारी सकाळी कोण कापत होतं?

ठकू


२७ फेब्रुवारी

ठकू,

मी नव्हतो. पण खोटं मी सांगितलंच. न सांगणं म्हणजेही तेच.

त्या दोन रेघा माझ्या हिशेबात बसेनात तेव्हाच मला कळलं होतं त्या कुठून आल्या असतील. टेपवर ढकललं, कारण ते लिहायची लाज वाटली.

पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण डॉक्टर होते, सगळे त्यांना छोटे डॉक्टर म्हणायचे. नोकरी सोडून दुसऱ्या शहरात स्वतःची प्रयोगशाळा काढायला निघाले. जायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, 'तुमच्या साक्षीदाराला तोड नाही. मला यातला अर्धा द्या, तुमची आठवण म्हणून.' ठकू, इतक्या वर्षांत पदवी असलेल्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. चहा आणा, काच आणा, लवकर करा, एवढंच. मी बारीक करवतीने तो ब्लॉक उभा चिरला. अर्धा माझ्याकडे, अर्धा त्यांना. दोन्ही अर्ध्यांची जाडी तीच, तीन मिलिमीटर. वहीत मांडलं नाही, कागद केला नाही. माझ्या वहीत न मांडलेली ती एकच गोष्ट.

काल त्यांना फोन केला. आता ते तयार साक्षीदार काचा विकतात, दवाखान्यांना, डब्यात भरून. मोठा धंदा आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, नऊ तारखेला काही मोठी मागणी होती का? म्हणाले, 'तुम्हाला कसं कळलं? अडीचशे काप काढले एका बैठकीत. तुमचा तुकडा म्हणजे कमाल आहे हो, संपतच नाही.'

अडीचशे म्हणजे एक मिलिमीटर. एक रेघ.

आणि पुढचं तुझ्यापासून लपवणार नाही. एप्रिलमध्ये त्यांची दोन हजार काचांची मागणी आहे. आठ रेघा.

मी जातोय. रजा मंजूर झाली की लगेच.

दादा


५ मार्च

दादा,

थोडक्यात लिहिते, मान वाकवून लिहायला जमत नाही.

आठ रेघांचं म्हणशील तर: जेवताना घास डावीकडे अडकतो. घसा पाहणाऱ्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून बघितलं. अन्ननलिका डावीकडे ओढली गेली आहे म्हणाले, कशाने ते कळत नाही, वाढलं तर नळी घालावी लागेल. मी त्यांना विचारलं, अजून आठ मिलिमीटर ओढली तर? ते म्हणाले, 'असं मोजून कोण विचारतं?' मग म्हणाले, 'तर श्वासाचं बघावं लागेल.' डाव्या कानाला माझ्याच खांद्यातली नाडी ऐकू येते आता. रात्रंदिवस. मशीन चालू असतं तेव्हा बरं वाटतं.

जाशील तर एवढं लक्षात ठेव. जाळू नकोस. पुरू नकोस. मेण वितळवून फेकून देऊ नकोस. आणि मला टपालाने पाठवू नकोस, कोण कुठे दाबेल, आपटेल. बर्फावर ठेवला तरी तो कोमट लागतो असं तू लिहिलं होतंस, ते वाचल्यापासून मी ठरवलंय की त्याला काहीही होऊ द्यायचं नाही.

हे म्हणतात, दादाला म्हणावं मी येऊ का बरोबर? त्यांना वाटतंय तिथे हाणामारी होईल. मी म्हटलं, आमचा दादा हिशेबानेच मारतो.

ठकू


२२ मार्च

प्रिय ठकू,

घेऊन आलो. आधी तेवढंच वाच, श्वास घे, मग पुढचं.

छोट्या डॉक्टरांची जागा म्हणजे पांढऱ्या फरशांचा लांबच लांब हॉल. सहा यंत्रं, सगळी विजेवरची, चाक हाताने फिरवायचं फक्त एकच. त्यावर एक बाई बसलेली, माझ्या वयाची असेल, केस टोपीत, चष्मा नाकावर उतरलेला. डॉक्टर फोनवर होते म्हणून मी तिच्यापाशी उभा राहिलो. ब्लॉक लांबूनच ओळखला. माझा पितळी साचा कोपऱ्याशी थोडा गोल उतरायचा, त्या वर्षीचा.

म्हटलं, 'किती वर्षं कापताय हा?'

'तुम्ही कोण?'

'मी केलाय तो.'

तिने चष्मा वर सरकवला, मला खालून वर बघितलं. मग हातमोज्यांच्या खोक्यामागून एक शाळकरी वही काढली. म्हणाली, 'मग तुम्हीच सांगा माझं काय चुकतंय ते. मी प्रत्येक फेरा मांडते. कुणाला दाखवलं नाही. म्हणतील बाईला मोजता येत नाही.'

मी वही बघितली. पाच पाचच्या रेघांच्या जुड्या, एकही तिरकी नाही. बेरीज पंधराशे. त्यातले साडेसातशे तुकड्याचे. वरचे साडेसातशे, तीन मिलिमीटर. माझे नऊ, तिचे तीन. बारा. तुझी पट्टी खरी होती, ठकू. तुझ्या मोजण्यात खोट काढली ती मागे घेतो.

मी विचारलं, 'बर्फावर गार होतो का हा?'

'तुमच्याकडे व्हायचा?'

'नाही.'

'मग मला काय विचारता?' आणि हळू आवाजात म्हणाली, 'एक विचारू? हे माणूस हयात आहे का हो?'

'माझी बहीण आहे.'

तिने हात चाकावरून उचलला, चाकाची खिट्टी लावली, खुर्ची मागे सारली आणि उभीच राहिली. पुन्हा बसली नाही. मी होतो तितका वेळ भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात काखेत घालून.

छोटे डॉक्टर प्रेमाने बोलले, चहा मागवला, पाठीवर हात ठेवला. मी काय मागतोय हे कळल्यावर हात काढला. म्हणाले, 'तुकडा दवाखान्याचा होता, दवाखान्याने मला दिला.'

'दवाखान्याने नाही, मी दिला. कागद आहे?'

'कागदाशिवाय तुम्हीच दिलात.'

'तेच मॅडमना लिहून देणार आहे. माणसाला न विचारता, वहीत न मांडता, मी परस्पर दिला. मग तुम्ही पाच वर्षांत विकलेल्या प्रत्येक काचेखाली काय आहे, ते तुमची गिऱ्हाइकं तुम्हाला विचारतील.'

'नोकरी जाईल तुमची.'

'जाईल. आणि तुमचे डबे परत येतील.'

त्यांनी बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवली. मग हाक मारून बाईला ब्लॉक काढायला सांगितला. तिने तो माझ्या हातात दिला तेव्हा खाली दुसरा हात धरला होता, आपण पाणी पिणाऱ्या लहान मुलाच्या हनुवटीखाली धरतो तसा.

पत्र मॅडमना मी तरीही दिलं. ब्लॉक मिळाला म्हणून ते खोटं ठरत नव्हतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, 'तुम्ही? तुमच्या हाती मी पावती न घेता माझी मान दिली असती.' मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं. नोकरी गेली नाही. कापयंत्रावरून उठवून नोंदीच्या टेबलावर बसवलं. यंत्रावर आता कॉलेजातून आलेली एक मुलगी आहे. तिचे काप सुरकुततात. मी बघतो आणि गप्प बसतो. परवा तिने स्वतःहून विचारलं, 'काका, पाणी किती अंशांवर ठेवायचं?' मी सांगितलं.

उठवायच्या आधी मॅडमकडून एक दुपार मागून घेतली. दोन्ही अर्धे एकाच साच्यात शेजारी ठेवले, चिरलेली बाजू चिरलेल्या बाजूला, आणि ताजं मेण ओतलं. मेण थंड होऊन पांढरं झाल्यावर भिंगाने बघितलं. करवतीची रेघ सापडली नाही. मी चिरताना करवत एका जागी घसरली होती, तिथे खाच होती, तीही नाही. हे मी तुला लिहितोय ते घाबरवायला नव्हे. मला त्याचा अर्थ लावता येत नाही, आणि जे मला लावता येत नाही ते निदान जसं बघितलं तसं लिहावं.

डबी आता मॅडमच्या लोखंडी कपाटात आहे. तिच्यावर चिठ्ठी मी लिहिली, छापील अक्षरात: 'कापू नये. मालकीण हयात आहे.' मॅडमनी वाचली, खाली सही केली. नवीन साक्षीदार एका आजोबांचा आहे. त्यांच्या खाटेपाशी बसून मी त्यांना सगळं समजावलं, अगदी संपत नाही इथपर्यंत. ते म्हणाले, 'संपला नाही तर बरंच आहे की.' सही केली. त्यांची मान, खांदा, सगळं आठवड्याला मोजतो मी. अजून तरी रेघभर फरक नाही.

तू बारावरच आहेस ना? गेले ते परत आणता येणार नाही मला, हे जाणून आहे. दर सोमवारी सकाळी मोज आणि एका कार्डावर नुसता आकडा लिहून टाक. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल. घास उतरतो का, तेही.

वहिनीला पापणीचं सांगितलं. दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, 'विचारलं असतंस तर दुसऱ्या डोळ्याचीही दिली असती.'

तुझा
दादा

ता. क. गेल्या शुक्रवारी छोटे डॉक्टर घरी आले होते. तुझा तुकडा एकदा मी तुला न विचारता दिला; नाही म्हणतानाही तुला विचारायला थांबलो नाही. म्हणून निदान काय नाकारलं ते तुझ्यापासून लपवत नाही. गणवेश शिवून तू जन्मात जेवढं साठवशील त्याहून ते जास्त आहे, आणि तुकडा तुझा होता. अख्खा ब्लॉक त्यांना द्यायचा. बदल्यात त्यांच्याकडे प्रमुखाची खुर्ची, कापयंत्र पुन्हा माझ्या हाती, आणि एकरकमी तेरा लाख चाळीस हजार.